पालखीतला ग्रंथ

डिसेंबर सरला, सुगी आटोपली की बेळगाव तालुक्यातील खेड्यांत साहित्य संमेलनांचे मांडव पडू लागतात. उचगाव, कडोली, बेळगुंदी, कुद्रेमानी ही काही विद्यापीठांची नगरे नव्हेत. भाताची खाचरे, रताळ्यांचे आणि बटाट्यांचे मळे, दुधाचे कॅन घेऊन भल्या पहाटे शहराकडे धावणाऱ्या मोटारसायकली असा त्यांचा नित्याचा संसार. परंतु वर्षातील एक रविवार ही गावे सारस्वताला वाहतात. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर हिंडलगा मागे टाकले की उचगावचा फाटा लागतो. त्या फाट्यावरून गावात शिरणाऱ्या पाहुण्यास त्या दिवशी दारोदार रांगोळ्या दिसतात, लेझीम ऐकू येते, डोईवर तुळस घेतलेल्या बाया दिसतात, आणि या साऱ्यांच्या मध्यभागी, देवाच्या मूर्तीच्या जागी ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा ठेवलेली पालखी दिसते. मांडवात शेतकरी बसतात, शाळकरी मुले बसतात, चूल आवरून आलेल्या गृहिणी बसतात. परगावहून आलेल्या लेखकाचे भाषण ते शांतपणे ऐकतात आणि कथाकथनाला मोकळेपणाने हसतात. पाहुण्यांसह सर्वांना गाव जेवू घालतो. हे सर्व वर्गणीवर आणि अंगमेहनतीवर चालते. महानगरांतील संमेलनांतून अध्यक्षपदाच्या निवडीवरून आणि मानधनावरून जे रुसवेफुगवे चालतात त्यांच्या तुलनेत हा सोहळा पाहून कोणाही मराठी माणसाचा ऊर भरून यावा.

आमचाही येतो. आणि म्हणूनच एक अप्रिय प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत. सोमवारी काय होते? मांडव उतरतो, पालखी देवळाच्या ओसरीवर जाते, ग्रंथ पुन्हा लाल कापडात बांधले जातात. पुढच्या जानेवारीपर्यंत त्या गावातील किती घरांत मराठीचे एखादे पुस्तक उघडले जाते? उचगावला लाज वाटावी म्हणून हा प्रश्न आम्ही करीत नाही. पणजी, मडगाव, फोंडा, सावंतवाडी, मालवण येथेही उत्तर निराळे येणार नाही. किंबहुना उचगाव निदान वर्षातून एकदा ग्रंथाला खांदा तरी देते. आम्ही तोही देत नाही.

वाचनाची गोडी ही आपल्या या पट्ट्याला कोणी अलीकडे लावलेली सवय नव्हे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पणजीचे सरकारी ग्रंथालय, जे आज कृष्णदास शामा यांचे नाव मिरवते, ते १८३२ चे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. मुंबईचे विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, म्हणजे विद्यापीठ येण्याच्या आधीच या किनाऱ्याने आणि त्याच्या माथ्यावरच्या बेळगावाने पुस्तकांसाठी घरे बांधली होती. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली 'मनोरंजन'ने काढला, त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावचे. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करता करता लेखक झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले ते बेळगावात, आणि त्याच घराण्याने पुढे लोखंडी नांगराबरोबर १९२० पासून मासिकही महाराष्ट्राच्या हाती दिले. जी. ए. कुलकर्णी आणि इंदिरा संत यांच्या नावांशी बेळगाव कायमचे जोडले गेले आहे. 'स्वामी'कार रणजित देसाई यांचे कोवाड तर सरहद्दीपलीकडे, उचगावच्या शेजारातच म्हणावे इतके जवळ. ज्या भूमीने एवढे लिहिणारे दिले, तिने त्यांना वाचणारेही दिले असलेच पाहिजेत. मग ते गेले कोठे?

भ्रमणध्वनीने नेले, असे सर्वांच्या जिभेवर तयार उत्तर असते. ते खोटे नाही. हातातले ते चकाकते यंत्र मन एका जागी ठरू देत नाही, आणि पुस्तक तर मन ठरल्याशिवाय बोलत नाही. तथापि सारे पाप यंत्राच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस सोयीस्कर वाटते, सत्य वाटत नाही. रेडिओ आला तेव्हा, बोलपट आला तेव्हा, दूरदर्शन आले तेव्हा हेच आक्रंदन झाले होते. 'सत्यकथा' बंद पडले ते १९८२ साली; तेव्हा कोणाच्या खिशात कसले यंत्र होते?

आमच्या मते पहिले कारण असे की, वाचकाला वर चढविणारी शिडी आपणच मोडली. एके काळी गल्लीच्या तोंडाशी पुस्तके भाड्याने देणारे एखादे दुकान असे. तेथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मिळत. हजाराहून अधिक कथा त्या एका माणसाने लिहिल्या. तेथे चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या मिळत, आणि त्या घरात लपवून वाचल्या जात. त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. अशा वाङ्मयावर आम्हां पदवीधरांनी नाके मुरडली. परंतु झुंजार आणि धनंजयाच्या मागे धावता धावता ज्यांची नजर ओळींवर सराईत झाली, त्यांतलेच कित्येक पुढे खांडेकरांकडे आणि 'ययाति'कडून जी. एं.कडे गेले. पहिली पायरी मळकी असते म्हणून ती उपटून टाकली, आणि आता माडीवर कोणी येत नाही म्हणून आपण हळहळतो आहोत!

दुसरे कारण शाळेत आहे. मुलाला पुस्तक प्रथम भेटते ते परीक्षेचा शिपाई म्हणून. धड्याखालचे प्रश्न, कवितेचा भावार्थ, गाळलेल्या जागा. दहा वर्षे ज्याच्या हातात वेत पाहिला, त्याच्याशी शाळा सुटल्यावर मैत्री कोण करील? शाळेत ग्रंथालय असते. ते कपाटात असते. कपाटाला कुलूप असते. आणि पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून, या भीतीने किल्ली खिशात ठेवणाऱ्या शिक्षकालाही आम्ही फारसा दोष देत नाही. दोष त्या नियमाचा आहे. पुस्तक फाटले, हरवले, तर ते वाचले गेले असा अर्थ काढणारे खाते आम्हांस अजून भेटायचे आहे.

किमतीचे कारणही पुढे केले जाते. एका कादंबरीला चारशे-पाचशे रुपये पडतात, हे रोजंदारीवरच्या घरास खरोखरच जड आहे. परंतु लग्नाच्या मांडवावर आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर लाखो उधळणाऱ्या घराने हे कारण सांगू नये. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख आहेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची धरण्याची प्रकाशकांची जुनी रीत आहे. म्हणजे त्र्याऐंशी हजार माणसांमागे एक प्रत! आणि त्या हजारांतल्याही बऱ्याच ग्रंथालयांच्या खरेदीत जाणाऱ्या.

सीमाभागात मात्र या प्रश्नाला आणखी एक धार आहे, आणि ती किनाऱ्यावरच्या वाचकाने समजून घेतली पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो मे १९४६ मध्ये, बेळगावच्याच साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना. राजकीय सभेत नव्हे, पुस्तकांच्या मेळ्यात! पुढे महाराष्ट्र झाला, आणि ज्या नगरीत तो ठराव झाला ती १ नोव्हेंबर १९५६ पासून बाहेरच राहिली. महाजन आयोग झाला, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातले बळी झाले, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सत्तर वर्षांत उचगावच्या माणसाच्या जमिनीचा उतारा कन्नडात गेला, नोटीस कन्नडात गेली, बसवरची पाटी कन्नडात गेली, आणि नोकरीच्या आशेने मुलगा इंग्रजीत गेला. मराठी उरली घरात, देवळात आणि मनात. ज्या भाषेचे कचेरीत फारसे काम उरत नाही, ती बोलली जाईल, भांडणात आणि ओवीत वापरली जाईल, पण वाचली गेली नाही तर एका पिढीत तिची बोली होईल. मराठी शाळांच्या पटाची काळजी तेथील शिक्षक उघड बोलून दाखवतात. मुलगा मोर्चात घोषणा देतो आणि फलकावरचे अक्षर अडखळत लावतो, असे दृश्य उद्या दिसले तर न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागून काय उपयोग?

येथे एक गोष्ट काही वाचकांना रुचणार नाही, तरी सांगतो. कन्नड वाचल्याने मराठी मरत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत, कन्नडात ज्ञानपीठाच्या योग्यतेची कविता लिहीत आणि मराठीतही लिहीत. जी. ए. त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत आणि मराठीत लिहीत. दोन भाषा वाचणारा माणूस सीमेवर गरीब होत नाही. एकही न वाचणारा होतो. सक्तीला विरोध करावा, तो केलाच पाहिजे. पण विरोधासाठी का होईना, आपली पुस्तके आपण वाचलेली असली पाहिजेत.

ज्यांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंग पत्करला, त्या पिढीला पुस्तकाचे मोल सांगावे लागले नाही. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. आमच्या गोव्यात तर सालाझारच्या सेन्सॉरची मोहर उठल्यावाचून लग्नाची पत्रिकासुद्धा छापता येत नसे. घाटावरून येणाऱ्या मराठी छापील कागदाकडे पोर्तुगीज शिपाई संशयाने पाहत असे, आणि म्हणूनच तो कागद हातोहात, घडी फाटेपर्यंत वाचला जाई. देवळांच्या अग्रशाळांत चाललेल्या मराठी शाळांनी आणि श्रावणातल्या पोथीवाचनाने येथील हिंदू समाजाची अक्षरओळख राखली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. त्या शाळांतून शिकलेल्या आईबापांची मुले आज कोठे शिकतात, ते २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान मिळाल्यापासून सर्वांना ठाऊक आहे. उचगावच्या माणसावर दुसरी भाषा लादली गेली. आम्ही तर आपली खुशीने सोडतो आहोत. आजोबांची पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत घालताना घरात एकही अश्रू गळत नाही.

मग काही उपाय आहे की नाही? आहे, आणि तो उचगावच्याच मातीत आहे. या भागातील खेड्यांत दरसाल ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. चौथी-पाचवी शिकलेले शेतकरी, शेतमजूर, गिरणीत राबून परतलेले म्हातारे व्यासपीठापुढे ग्रंथ घेऊन सात दिवस बसतात आणि सातशे वर्षांपूर्वीची मराठी एका सुरात वाचतात. जी भाषा आमच्या पदवीधरांना टीपेवाचून उमगत नाही, ती हे लोक वाचतात, कारण ते एकटे वाचत नाहीत. आपल्याकडे वाचन ही मुळात चारचौघांत करावयाची गोष्ट होती. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, हुंकार द्यावा, मध्येच कोणी शंका काढावी. बंद खोलीतले एकाकी वाचन ही पुढची पायरी. पारायणाचा तोच मांडव आठवा दिवस आणखी ठेवला आणि त्या दिवशी 'स्वामी' किंवा 'श्यामची आई' मोठ्याने वाचली, तर माउली रागावणार नाहीत.

दुसरी गोष्ट रोकड्या व्यवहाराची. कर्नाटकात १९६५ च्या ग्रंथालय कायद्याने स्थानिक संस्थांच्या मालमत्ताकरावर ग्रंथालयासाठी उपकर बसतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तसा उपकर नाही. तेथे वाचनालये सरकारी अनुदानाच्या हप्त्यांची वाट पाहत दिवस काढतात. म्हणजे ग्रंथालयासाठी पैसा देण्याच्या बाबतीत कर्नाटकाचा कायदा उजवाच म्हटला पाहिजे. हा उपकर घेताना घराची मातृभाषा विचारली जात नाही. मग ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात पुस्तके घेताना ती का विचारली जाऊ नये? ज्या गावात मराठी घरे बहुसंख्य, तेथील कपाटात मराठी पुस्तकांचा वाटा त्या प्रमाणात असावा, अशी मागणी उचगाव, कडोली, बेळगुंदीच्या संमेलनांनी ठरावाच्या यादीत सर्वांत वर घालावी. सीमाप्रश्नाच्या ठरावाशेजारी ती दिसायला लहान दिसेल. पण तिच्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. पंचायतीच्या दारात जावे लागते, आणि करभरणा केल्याची पावती दाखवून हक्काने बोलता येते.

आणि ज्या रविवारी दिंडी निघेल, त्या रविवारी पालखीत दोनच ग्रंथ का असावेत? पन्नास असोत. मुलांच्या गोष्टी असोत, रहस्यकथा असोत, शेतीची पुस्तके असोत, ज्यांची घडीही मोडलेली नाही अशी असोत. दिंडी मांडवात पोहोचली की ती त्याच पालखीतून पन्नास मुलांच्या हाती द्यावीत आणि प्रत्येकाचे नाव वहीत लिहावे. पुढच्या वर्षी पालखी उचलण्याआधी ती वही काढावी. चाळीसच पुस्तके परत आली तर दहांबद्दल कोणी कुरकुरू नये, आणि चाळिसांपैकी ज्यांची पाने मळलेली असतील ती पालखीत सर्वांत वर ठेवावीत.