दान, परस्परसाहाय्य आणि हक्क : अँटिगोनिशचा धडा

धर्मसंस्थेच्या आश्रयाने चालणाऱ्या परस्परसाहाय्याकडे पाहण्याच्या दोन सवयी समाजवादी कार्यकर्त्यांमध्ये रुजलेल्या आहेत. पहिल्या सवयीनुसार असे साहाय्य म्हणजे निव्वळ भूतदया. ती देणाऱ्याला पुण्य मिळवून देते आणि घेणाऱ्याच्या असंतोषाची धार बोथट करते. दुसऱ्या सवयीनुसार सेवा ती सेवा, तिची चिकित्सा करणे हेच असभ्यपणाचे लक्षण. या दोन्ही सवयींमुळे विचार करण्याचे कष्ट वाचतात, म्हणूनच त्या टिकून आहेत. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात कॅथलिक मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार यांनी १९२० नंतरच्या दोन दशकांत जे उभे केले, आणि पुढे त्याचे जे झाले, त्याचा इतिहास या दोन्ही सवयींना धक्का देणारा आहे.

त्या किनाऱ्यावरील मच्छीमाराची स्थिती महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटणार नाही. मीठ, जाळी, दोर आणि घरचा शिधा व्यापाऱ्याकडून उधारीवर यायचा आणि हंगामाअखेर मासळी त्याच व्यापाऱ्याला घालावी लागायची. उधारीच्या मालाचा भाव व्यापारी ठरवी, मासळीचा भावही तोच ठरवी. दोन्ही टोके एकाच हाती असल्यावर हिशेबात शिल्लक राहण्याचे कारणच नव्हते. त्यात मोठ्या कंपन्यांचे वाफेवर चालणारे ट्रॉलर आले आणि लहान होडीवाल्याचा उरलासुरला बाजारही हिरावला गेला. शेजारच्या केप ब्रेटन बेटावर कोळसा आणि पोलाद या दोन्ही उद्योगांवर एकाच कंपनीचे प्रभुत्व होते. कामगाराचे घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, दुकानातील उधारीही कंपनीची. १९२५ च्या संपात कंपनीने ती उधारी तोडली. न्यू वॉटरफर्ड गावाचे पाणी आणि वीज तोडली गेली, आणि ११ जून रोजी कंपनीच्या पोलिसांच्या गोळीबारात विल्यम डेव्हिस हा खाणकामगार मारला गेला. ११ जून हा दिवस तेथील कामगार आजही स्मृतिदिन म्हणून पाळतात.

अशा प्रदेशात चर्चने काय करावयाचे? रूढ उत्तर ठरलेले होते : प्रार्थना, सांत्वन आणि गरजूंना मदत. हे उत्तर ज्यांना अपुरे वाटले त्यांत फादर जेम्स टॉम्पकिन्स हे प्रमुख. अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात ते वरिष्ठ पदावर होते. प्रांतातील महाविद्यालये एकत्र आणण्याच्या योजनेवरून त्यांचे बिशपांशी पटले नाही आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो या आडबाजूच्या मच्छीमार बंदरात झाली. शिक्षा म्हणून झालेली ही बदली चळवळीच्या पथ्यावर पडली. १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या राज्यसंघाचा हीरकमहोत्सव देशभर साजरा होत असताना कॅन्सोचे मच्छीमार सभेसाठी जमले आणि त्यांनी विचारले, आम्ही कशाचा उत्सव करावयाचा? या प्रश्नाला वाचा फुटल्यावर सरकारला मासेमारीच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. टॉम्पकिन्स यांचे नातलग आणि सहकारी फादर मोझेस कोडी यांनी आयोगासमोर साक्ष दिली. मच्छीमारांच्या सहकारी संघटनेची शिफारस आयोगाने केली. १९२८ मध्ये विद्यापीठाचा विस्तार विभाग स्थापन होऊन कोडी त्याचे संचालक झाले आणि १९३० मध्ये किनाऱ्यावरील मच्छीमारांचा संयुक्त संघ उभा राहिला.

अभ्यासमंडळ ते पतपेढी

या चळवळीची कार्यपद्धती कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. प्रथम गावात जाहीर सभा होई. पण सभेवर काम संपत नसे. तेथे ते सुरू होई. सभेनंतर आठदहा जणांची अभ्यासमंडळे बनत आणि ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा बसत. विभागाकडून पत्रके आणि पुस्तके येत. ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. चर्चेचा विषय अमूर्त नसे. आपल्या मासळीला बॉस्टनच्या बाजारात काय भाव मिळतो आणि आपल्या हाती त्यातले किती पडते, हा पहिला धडा. दहा वर्षांत अशा मंडळांची संख्या हजाराच्या आसपास गेली. कॅन्सोजवळील लिटल डोव्हर या दरिद्री वस्तीतील लोकांनी स्वतः जंगलात जाऊन लाकूड तोडले आणि शेवंड मासळी डबाबंद करण्याचा कारखाना स्वतःच्या हातांनी बांधला. खडकाळ जमिनीत गाय पोसणे शक्य नव्हते आणि मुलांना दूध हवे होते. शेळ्या पाळण्यास स्थानिक कायद्याची आडकाठी होती. मंडळाने तो कायदाही बदलून घेतला. शेळीच्या दुधापासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

पतपेढ्यांचा कायदा १९३२ मध्ये झाला. आठवड्याला काही सेंट इतकी बचत, शेजाऱ्यांच्याच समितीकडून कर्जाची मंजुरी, प्रत्येक सभासदास एकच मत आणि सभेत वाचला जाणारा हिशेब, अशी त्यांची रचना होती. रिझर्व्ह माइन्स या खाणगावात तर कामगारांनी एक पाऊल पुढे टाकले. कंपनीच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबांनी गृहनिर्माणाचा दीर्घकाळ अभ्यास केला, कर्जाचे गणित समजून घेतले आणि १९३८ मध्ये परस्परांच्या श्रमातून ११ घरांची सहकारी वसाहत बांधली. तिला त्यांनी टॉम्पकिन्सव्हिल हे नाव दिले. सेंट मार्था संघाच्या धर्मभगिनींचा या कामात मोठा वाटा होता. महाविद्यालयाचा स्वयंपाक आणि घरकाम पाहण्यासाठी स्थापन झालेल्या या संघातील सिस्टर मेरी मायकल मॅकिनन यांनी ग्रंथालय आणि स्त्रियांची अभ्यासमंडळे यांचे काम वर्षानुवर्षे सांभाळले. चळवळीच्या इतिहासात त्यांची नावे मात्र धर्मगुरूंच्या नावांच्या मागे दडली, हेही नोंदवले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या भाषेत या यशाचे कारण सांगता येते. गरिबाच्या मिळकतीला तीन ठिकाणी गळती असते : उधारीवरचे व्याज, खरेदीतील चढा भाव आणि विक्रीतील पडता भाव. पतपेढीने पहिली, ग्राहक भांडाराने दुसरी आणि विक्रीसंघाने तिसरी गळती थोपवली. बँकेला गरिबास कर्ज देणे परवडत नाही, कारण त्याची पत तपासण्याचा खर्चच कर्जाच्या मानाने मोठा असतो. शेजाऱ्याला मात्र ती फुकट ठाऊक असते. दर रविवारी एकत्र येणाऱ्या, एकमेकांच्या लग्नाला आणि मर्तिकाला हजर राहणाऱ्या धर्मग्रामाने ही ओळख आणि हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या साठवून ठेवला होता. चळवळीने त्याला भांडवलाचे रूप दिले. दानात देणारा आणि घेणारा यांच्या जागा ठरलेल्या असतात. पतपेढीत आजचा ऋणको हा उद्याचा धनको असतो. दया आणि परस्परसाहाय्य यांतील भेद तो हाच.

मर्यादा कोठे आहेत

तथापि याच विवेचनातून मर्यादाही स्पष्ट होते. शेजारी शेजाऱ्याला सावरू शकतो तो दोघांवर एकाच वेळी आपत्ती येत नाही तोवर. एकाची होडी फुटली तर गाव उभे राहील. पण समुद्रातली मासळीच संपली तर कोणी कोणाला उसने द्यावयाचे? मच्छीमारांचा संयुक्त संघ १९८८ मध्ये कोसळला. १९९२ पासून अटलांटिक किनाऱ्यावरील कॉड मासळीच्या मासेमारीवर बंदी येत गेली आणि न्यूफाउंडलंडसह त्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबांचा व्यवसाय थांबला. केप ब्रेटनच्या सरकारी कोळसा कंपनीने आपली शेवटची खाण २००१ मध्ये बंद केली. त्याच वर्षी सिडनीचा पोलाद कारखानाही मोडीत निघाला. धर्मग्रामांनी या काळात एकमेकांना धीर दिला, सामुदायिक भोजने चालवली, परगावी गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांकडे लक्ष दिले. हे मोलाचे होते. परंतु सगळेच एका वेळी बेकार झालेल्या गावाला स्वतःच्या खिशातून सावरता येत नाही. तेथे जोखीम विभागणारा घटक गावाहून मोठा हवा. आजवर असा घटक एकच निर्माण झाला आहे, तो म्हणजे करवसुलीचा अधिकार असलेले लोकशाही शासन.

याची जाणीव कॅनडातीलच काहींना वेळेवर झाली होती. १९३२ मध्ये तेथे सहकारी राष्ट्रकुल महासंघ हा समाजवादी पक्ष स्थापन झाला. त्याचे पहिले नेते वुड्सवर्थ हे पूर्वाश्रमीचे मेथडिस्ट धर्मोपदेशक, आणि सस्कॅचेवान प्रांतात १९४४ साली त्याचे सरकार आणणारे टॉमी डग्लस हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. त्या सरकारने १९४७ मध्ये रुग्णालय-विमा सुरू केला आणि १९६२ मध्ये डॉक्टरांच्या संपाला तोंड देऊन सार्वत्रिक वैद्यकीय विमा अमलात आला. शेजाऱ्याच्या आजारपणासाठी जमणारी वर्गणी अशा रीतीने नागरिकाच्या हक्कात परिणत झाली. केप ब्रेटनच्या खाणकामगार संघटनेनेही १९३८ मध्ये या पक्षाशी स्वतःला जोडून घेतले. अँटिगोनिशच्या धर्मगुरूंनी मात्र पक्षीय राजकारणापासून अंतर राखले. खाणकामगारांतील साम्यवादी प्रभावाला शह मिळावा, हाही चर्चच्या वरिष्ठांचा चळवळीला आशीर्वाद देण्यामागील एक हेतू होता. त्यामुळे मालकीचा मूळ प्रश्न, म्हणजे खाण कोणाची आणि समुद्र कोणाचा, बाजूला राहिला. सहकाराने दुकान जिंकले. खाण आणि समुद्र जिंकण्यासाठी जे राजकारण हवे होते ते त्याने केले नाही.

आणखी एक कटू प्रकरण टाळता येणार नाही. धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचारांबद्दल अँटिगोनिश धर्मप्रांताने २००९ मध्ये सुमारे दीड कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. भरपाई योग्यच होती. पीडितांना ती फार उशिरा मिळाली. पण ती देण्यासाठी पुढील वर्षांत धर्मप्रांताच्या मालमत्ता विकाव्या लागल्या आणि धर्मग्रामांच्या शिलकीतूनही पैसा गेला. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी देऊन ते सारे उभे केले होते, त्या सामान्य श्रद्धावंतांच्या हाती ना निर्णय होता, ना हिशेब. ज्या प्रदेशात पतपेढीचा पै न् पै सभासदांसमोर वाचला जात असे, त्याच प्रदेशात धर्मपीठाचा कारभार मात्र बंद दाराआड चालला होता. विश्वास ही परस्परसाहाय्याची पुंजी खरी. परंतु ज्या विश्वासाला प्रश्न विचारण्याची मुभा नसते तो दुर्बलांच्या जिवावर उठतो. मुलांना संरक्षण विश्वासाने मिळत नाही, जाब विचारता येण्याने मिळते.

महाराष्ट्रासाठी अर्थ

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजाने १९१८ मध्ये, म्हणजे अँटिगोनिशच्या विस्तार विभागाच्याही दहा वर्षे आधी, पतसंस्था स्थापन केली आणि तिचीच पुढे मोठी सहकारी बँक झाली. मुंबईच्या धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या कुडींनी गावोगावच्या खलाशांना आणि बेकारांना नाममात्र भाड्यात निवारा दिला. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी धर्माच्या आधाराशिवायही शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करून दाखवला. पुढे सहकाराचे काय झाले हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. जेथे सभासदाचे शिक्षण थांबले आणि वार्षिक सभा हा उपचार झाला, तेथे संस्था संचालकांची झाली. कोडी यांनी अभ्यासमंडळ आधी आणि संस्था नंतर हा क्रम का धरला होता, याचे उत्तर येथे आहे.

आज पूर येतो, गिरणी बंद पडते, टाळेबंदी लागते, तेव्हा सामान्य माणसाच्या दारात प्रथम कोण येते हा राजकीय प्रश्न आहे. जो शिधा घेऊन येतो तो आपला विचारही घेऊन येतो, आणि तो विचार शेजाऱ्याच्या धर्माविषयी विष कालवणारा असेल तर तोही शिध्याबरोबर घरात शिरतो. समाजवादी कार्यकर्ता त्या दारात निवडणुकीखेरीज दिसत नसेल, तर धर्मसंस्थांच्या सेवेला नावे ठेवण्याचा अधिकार त्याला उरत नाही. वस्तीतील पतपेढी, औषधांसाठीचा सामाईक निधी, आठदहा जणांचे अभ्यासमंडळ ही कामे क्षुल्लक मानण्याची चूक चळवळीला महाग पडली आहे. ही कामे करताना तीन पथ्ये मात्र पाळावी लागतील : मदतीचे दार जातधर्म न पाहता उघडे असावे, हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, आणि जे गावाला पेलत नाही ते शासनाकडून हक्क म्हणून मिळवण्याचा लढा त्याच बैठकीत आखला जावा. पहिले पथ्य मोडले की पंथ बनतो, दुसरे मोडले की भ्रष्टाचार माजतो, आणि तिसरे विसरले की मंडळाच्या डब्यात जमणाऱ्या चार पैशांवर शासन आपली जबाबदारी ढकलून मोकळे होते.