आधार जुळलं नाही, तर शाळेतला शिक्षक जातो?

२०११ च्या पटपडताळणीत राज्यात मोठ्या प्रमाणावर बोगस विद्यार्थी सापडले. मग २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद झाली, पुढे ती आधारशी जोडली गेली. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता याच नोंदींवर होऊ लागली.

अडचण कुठे आहे?

आरटीई कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन. समजा, तीन शिक्षकी शाळेत ६२ मुलं बसतात, पण दोघांच्या आधारवर जन्मतारीख वेगळी आहे. पोर्टलवर ६० च उरतात आणि तिसरं पद धोक्यात येतं. नुकसान मात्र सगळ्या ६२ जणांचं.

बोगस पट रोखायलाच हवा. पण आधार जुळत नाही, म्हणून मूल बोगस ठरत नाही. ते रोज वर्गात येतं, हाच शेवटचा पुरावा मानायला हवा.