मुक्या सोबत्याचे पोट

गुलमंडीत स्वतःची औषधे घेताना ‘आमच्या मोत्यालाही पोटाची पावडर द्या’ म्हणणारे आजोबा आता भेटतात. मुले परगावी, घरात सोबत तेवढीच. काळजी साहजिक आहे. तरी दोन शब्दांतील भेद जाणावा. प्रोबायोटिक म्हणजे उपकारक जिवंत सूक्ष्मजीव. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचे अन्न, उदाहरणार्थ इन्युलिनसारखे तंतू. साध्या जुलाबांत त्यांचा काहीसा आधार होतो. मात्र ते उपचाराचा पर्याय नव्हेत. प्रतिजैविक चालू असल्यास त्यात आणि प्रोबायोटिकमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

माणसांची चघळण्याची गोळी कुत्र्याला कदापि देऊ नये. तीत झायलिटॉल असल्यास त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, यकृतासही इजा पोहोचते.

शौचात रक्त, वारंवार उलट्या वा मलूलपणा दिसल्यास, किंवा पिल्लाला जुलाब झाल्यास, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. घरात कोणाची प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास विष्ठा दुसऱ्याने उचलावी व हात साबणाने धुवावेत.

जुलाब कधीपासून, कितीदा, खाल्ले काय, हे वहीत टिपून न्यावे. मुक्या रुग्णाच्या वतीने बोलणारे आपणच असतो.