पाळणा : हौस आणि गरज

(द्वितीय वर्ष, कला)

मूल जन्मले की 'घरात पाळणा हलला' असे आपण म्हणतो. ज्या वस्तूच्या नावाने आपण जन्माचा आनंद सांगतो, तिच्याविषयी आपण शिकलेली माणसे फारसा विचार करीत नाही. बाळाला लागते काय, ते आणायचे कोणी, आणि ज्यांना आणता येत नाही त्यांचे काय, असे तीन प्रश्न मला येथे मांडायचे आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. बाळाला ऊब लागते, कोरडे अंथरूण लागते, डासांपासून संरक्षण लागते आणि आईची कूस लागते. आपल्या आज्यांनी ही गरज पैशावाचून भागवली. जुन्या लुगड्यांची गोधडी, धोतराची दुपटी, आढ्याला दोर बांधून केलेली नऊवारीची झोळी, कुंची आणि टोपडे, एवढ्यावर बाळ वाढत असे. यात गरिबी होती तसे शहाणपणही होते. अनेकदा धुतलेले सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असते. शिवाय पाळणा एका घरचा नसे. भावकीत जिथे बाळंतीण, तिथे तो जाई. अर्थात जुने ते सगळेच सोने नव्हे. डोळ्यांत काजळ घालू नका, डोक्याखाली उशी देऊ नका, असे आज डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. लेक बाळाला घेऊन सासरी निघाली की पाळणा, गादी, मच्छरदाणी, कपडे आणि आता बाबागाडीसुद्धा माहेरानेच द्यावी, अशी अपेक्षा असते. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आली. पण 'बाळाची हौस' या गोंडस नावाखाली तो मागल्या दाराने घरात येतो. हौसेला मोल नसते म्हणतात. मित्रहो, असते! आमच्या पाथर्डी-शेवगावकडे दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. दुकानातला पाच हजारांचा पाळणा घ्यायचा, तर साडेतेरा टनांहून अधिक ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले, तरी दोन माणसांची आठवडाभराची मजुरी झाली. तीही बहुधा मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते. आमच्या घरात गेल्या वर्षी हा हिशेब कोणी केला नाही, कारण तो केला असता तर माझ्या बहिणीला मान खाली घालावी लागली असती. समाजाने ज्याची लाज वाटायला शिकवले आहे, ते नाकारणे एकट्या बापाला जमत नाही.

आणि तिसरा प्रश्न. झोळीचे कौतुक करताना एक भान ठेवले पाहिजे. घरातल्या आढ्याची झोळी वेगळी आणि उसाच्या फडातली वेगळी. फडात ती बांधावरच्या बाभळीला नाहीतर टायरगाडीच्या सावलीत बांधतात. आई मोळ्या बांधते, आणि पाळण्यापाशी असते पाच-सहा वर्षांची बहीण, जिची शाळा त्या हंगामापुरती सुटलेली असते. उसात बिबट्याचे भय असते ते निराळेच. याला परंपरा म्हणणे म्हणजे आपल्या निष्काळजीपणाला सोवळे नेसवणे होय.

१९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात लोणीला सहकारी साखर कारखान्याची उभारणी चालली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कार्याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु पाळणाघराची ती सावली फडापर्यंत पोचली नाही. ऊस तोडणारी बाई मुकादमाच्या टोळीतली. ती कारखान्याची कामगार धरलीच गेली नाही.

फिनलंड देश १९३८ साली श्रीमंत नव्हता. तरी त्याने गरीब मातांना बाळाच्या कपड्यांनी भरलेली पेटी द्यायला सुरुवात केली, आणि १९४९ पासून ती सर्व मातांना दिली. पेटीत लहान गादी असते. ती पेटीच्या तळाशी घातली की पाळणा तयार! श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एकाच पेटीत निजले, तेव्हा कोणाला मान खाली घालावी लागली नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला हेच वेगळ्या रीतीने केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पाळणाघरसुद्धा असेच फडाच्या बांधावर का जाऊ नये?

हे काम शासनाचे आणि कारखान्यांचे आहे, यात शंका नाही. पण आपण हात बांधून बसावे असे मुळीच नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर ऐन तोडणीच्या हंगामात येते. एका शिबिराने एका टोळीच्या तळावर आठ दिवस मुले सांभाळली, तर गाव पाहील आणि कारखानाही पाहील. गावोगाव भावकीऐवजी साऱ्या गावाचे दोन पाळणे असावेत. आणि आपल्यापैकी जे उद्या जावई होणार आहेत, त्यांनी एवढेच म्हणावे, "पाळणा आम्ही आणू, किंवा मागून आणू." या एका वाक्याला पैसा लागत नाही. एका बापाचा आठवडा मात्र त्याने वाचतो.