स्कोअरिंग आहे, घेऊन टाक

दहावीनंतर हर्सूलहून शहरातल्या कॉलेजात फॉर्म भरायला गेलो. खिडकीवरच्या सरांनी विचारलं, "मराठी की आयटी?" मी तोंड उघडायच्या आत मागून मित्र म्हणाला, "आयटी घे रे, स्कोअरिंग आहे."

घेतलं. आपल्या बोर्डात सायन्सला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी चालतं. ८० मार्कांची परीक्षा कॉम्प्युटरवर, २० प्रॅक्टिकलचे. पण इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बारावीचे मार्क पात्रतेपुरते. मग ते भरघोस मार्क कशाला हवे होते? क्लासच्या फ्लेक्सवर टक्केवारी छापायला.

"पण पुढे कामाला येतं ना?" मी आयटीतच आहे, म्हणून सांगतो. त्या पुस्तकातलं एचटीएमएल, पीएचपी दोन वीकेंडमध्ये यूट्यूबवरून जमतं. ऑफिसात माझा निम्मा दिवस लिहिण्यात जातो. बग का आला, क्लायंटला काय कळवायचं, ज्युनिअरचा कोड का परत पाठवला. म्हणणं मुद्देसूद मांडायचं, हेच तर मी 'मराठी काय, घरी येतेच' म्हणून सोडून दिलं होतं.

घरी येते? आजोबा गेले तेव्हा वारस नोंदीच्या अर्जासाठी बाबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "इंजिनिअर तू, लिही." 'महोदय'च्या पुढे पेन हलेना. शेवटी दहावी नापास बाबांनीच चार ओळींत लिहिला. एक शब्द फालतू नाही.

यंदा चुलत बहीण अकरावीला आहे. मी म्हटलं, मराठी घे. काकू म्हणाली, "तुला नोकरी लागली म्हणून सुचतंय हे."

तिने आयटी घेतलं.