बस अडते तेव्हा गणितही अडते

थांब्यावर ताटकळताना तुम्ही कधी तरी म्हणाला असाल, "बसगाड्याच कमी आहेत!" तक्रार खरी आहे. पण गाड्या कमी का पडतात, याचे एक कारण साध्या आकडेमोडीत दडलेले आहे. कागद-पेन्सिल घ्या पाहू.

समजा, एक बसमार्ग १० किलोमीटर लांबीचा आहे आणि बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर आहे. जायला ४० मिनिटे, यायला ४०. शेवटच्या थांब्यावरची विश्रांती सोडून देऊ. दर १० मिनिटांनी बस हवी असेल, तर ८० भागिले १०, म्हणजे ८ गाड्या पुरतात. आता रस्त्यावर मोटारींची दाटी झाली आणि वेग ताशी १० किलोमीटरवर आला. फेरीला १२० मिनिटे लागू लागली. तीच सेवा द्यायला आता १२ गाड्या हव्यात! चार गाड्या जादा, त्यांचे चालक-वाहक जादा. उतारू मात्र एकही वाढला नाही. आणि गाड्या ८ च राहिल्या तर? दोन बसमधले अंतर १५ मिनिटांचे होते. कंटाळलेले उतारू दुचाकी घेतात, दाटी वाढते, बसचा वेग आणखी घटतो. परिवहन सेवा तोट्यात जाते ती केवळ गैरकारभारामुळे नव्हे, अशीही!

यावर हल्ली एकच उपाय सांगितला जातो: विजेवर चालणाऱ्या बस आणा. जरूर आणाव्यात. त्या धूर सोडत नाहीत, शिवाय ब्रेक लावताना त्यांची मोटर जनित्राचे काम करते आणि वाया जाणारी थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते. पण वीज काही नवी नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची. ती १९६४ पर्यंत धावली. २०२३ साली डिझेलवरच्या जुन्या दुमजली बस निवृत्त झाल्या आणि विजेवरच्या दुमजली बस आल्या. गाडी ओढणारी शक्ती बदलत गेली, पण कोंडीत सापडलेली बस विजेवरची असली तरी अडकायची ती अडकतेच.

म्हणून माझ्या मते नव्या बसइतकीच गरज आहे ती बससाठी राखलेल्या मार्गिकेची. पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हा प्रयोग केला, अहमदाबादने २००९ साली. तुम्ही म्हणाल, रस्ते आधीच अरुंद, त्यात बसला वेगळी जागा कुठली? पण ५० माणसे एका १२ मीटर लांबीच्या बसमध्ये मावतात. मोटारीत दोघे-दोघे बसले तर २५ मोटारी लागतात आणि एकीला एक चिकटवून उभ्या केल्या तरी त्यांची रांग १०० मीटर होते. अरुंद रस्त्यावर आधी हक्क कोणाचा? अर्थात मार्गिकेत इतर वाहने शिरू दिली, तर ती रस्त्यावरची रंगीत रेघ तेवढी उरते.

पुढच्या वेळी बसमध्ये बसाल तेव्हा वहीत तीन रकाने पाडा. बस किती मिनिटे चालली, थांब्यांवर किती थांबली आणि कोंडीत नुसती किती उभी राहिली, ते लिहा. वर्गातल्या दहा-बारा जणांच्या नोंदी शिक्षकांनी एकत्र केल्या, तर तिसऱ्या रकान्याची बेरीज शहराच्या परिवहन अधिकाऱ्यांना दाखवण्याजोगी निघेल.