पदक आणि पेन्शन

ज्यांच्या पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांपैकी चार सायकलच्या बंदिस्त धावपट्टीवर मिळवलेली होती, ते ब्रिटनचे ब्रॅडली विगिन्स २०२४ साली दिवाळखोर जाहीर झाले, ही वार्ता परळ-दादरच्या वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या खाशाबा जाधवांची कथा त्याहून जुनी आणि, माझ्या मते, अधिक लाजिरवाणी आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९५२ साली हेलसिंकीस जावेत म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपले कर्तव्य केले. प्रश्न सरकारदरबारचा आहे. १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झालेल्या या ऑलिंपिकवीरास बढतीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी दफ्तरांचे उंबरठे झिजवावे लागले, आणि १९८४ साली रस्त्यावरील अपघाताने अर्जदारच नाहीसा झाला. अर्जुन पुरस्कार यथावकाश, मरणोत्तर, मंजूर झाला!

लालबाग-परळच्या गिरण्या कबड्डीपटूंना नोकऱ्या देत. त्यात परोपकारापेक्षा संघाची हौस अधिक असेल, पण महिन्याचा पगार खरा होता. १९८२ च्या संपानंतर तोही आधार सरला. तेव्हा सत्काराची शाल ज्या दिवशी, त्याच दिवशी निर्वाहवेतनाचा हुकूमही खेळाडूच्या हाती पडावा, आणि तोही त्याच्याकडून अर्ज न मागवता.